आजच्यापुरती भाकर

देवाचे आभार मानणारी एक प्रार्थना बायबलमध्ये अशी आहे, जी येशूला मुळीच पसंत पडली नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात ती येते. एक परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो. कशाबद्दल, तर आपण इतरांसारखे नाही याबद्दल. लुटारू नाही, व्यभिचारी नाही, आणि मागे उभा असलेला तो जकातदार, त्याच्यासारखा तर नाहीच नाही. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश, सगळं चोख. तरीही देवाच्या लेखी नीतिमान ठरून घरी जातो तो मागचा जकातदार, ज्याला मान वर करून बघायचाही धीर झाला नव्हता.

रोजच्या गरजेच्या वस्तूंचं मोल ओळखावं आणि त्यांबद्दल देवाचे आभार मानावेत, हा या पुस्तिकेचा विषय. पाणी, भाकर, मीठ, अंथरूण, दिवा अशा गोष्टींवरची ही छोटी टिपणं आणि त्यांना जोडून येणाऱ्या प्रार्थना. विषय निरुपद्रवी वाटतो. रविवारच्या उपदेशात आपण तो इतक्यांदा ऐकलेला असतो की माना आपोआप हलतात. पण त्या परूश्याची गाठ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं, कारण आभार मानायला आपल्यातले बहुतेक जण शिकतात ते त्याच्याच शाळेत. मूल ताटात भात टाकून उठतं. आई म्हणते, 'टाकू नकोस, कितीतरी जणांना तेवढाही मिळत नाही.' हेतू चांगलाच. पण मुलाच्या मनात उतरतं ते वेगळंच: त्यांना मिळत नाही, मला मिळतं, अर्थात देवाची माझ्यावर मर्जी आहे. दुसऱ्याच्या उपासमारीवर आपल्या कृतज्ञतेची चूल पेटते, आणि हे आपल्या ध्यानातही येत नाही.

वरळीत राहणाऱ्याला हा मोह जरा जास्तच. इथे एकाच परिसरात सगळं आहे. सी फेसला समांतर उभे राहिलेले मनोरे आहेत, किल्ल्याच्या पायथ्याशी दाटीवाटीने वसलेला कोळीवाडा आहे, आणि मधे बीडीडी चाळी. मनोऱ्याच्या गॅलरीतून खाली पाहिलं की आभार मानायला कारणं कमी पडत नाहीत. पण हे आभार त्या परूश्याच्या प्रार्थनेहून किती वेगळे, ते ज्याचं त्याने तपासावं.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या खात्याने १९२०च्या दशकात वरळीत १२१ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. संडास सामायिक. अशा चाळीत पाण्याची वेळ ही घड्याळातल्या वेळेपेक्षा मोठी असते. पाणी यायच्या आधीच पिंपं धुऊन तयार, रबरी पाइपाची गुंडाळी सोडलेली, पाइपाचं तोंड नळाला सुतळीने आवळलेलं. आधी नळ नुसती हवा सोडतो, मग गढूळ पाण्याची एक धार, मग नितळ पाणी. पिण्याचं आधी, कळशी आणि हंडा. मग पिंप, मग बादल्या, आणि शेवटी उरलं तर धुण्याचं. या क्रमात कधी चूक होत नाही. ज्या घरात कुणी आजारी आहे किंवा एकटी म्हातारी आहे, तिथली कळशी शेजारीण आपल्या आधी भरते. ती याला प्रार्थना म्हणणार नाही. आपण म्हणायला हरकत नाही.

हे पाणी येतं कुठून? वरळीच्या डोंगरावर महापालिकेचा जलाशय आहे, तिथून. त्या जलाशयात येतं ते तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या तलावांतून. तानसाचं पाणी मुंबई १८९२पासून पिते आहे. आणि ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बाया डोक्यावर हंडे घेऊन उभ्या असतात. वरळीच्या नळाखाली कळशी धरून देवाचे आभार मानताना या बाया प्रार्थनेत कुठे बसतात? पाण्यावरचं टिपण वाचताना मी याच प्रश्नाशी अडलो, आणि माझ्या मते ख्रिस्ती कृतज्ञतेची खरी सुरुवात इथेच होते.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आपल्या लेकरांना पाठ असते. तिच्यात भाकरीची मागणी आहे, पण ती दोन बाजूंनी बांधलेली आहे. मागायची ती आजच्यापुरती, आणि मागायची ती 'आम्हां' सगळ्यांसाठी. 'माझी भाकर' मागायची सोयच त्या प्रार्थनेत ठेवलेली नाही. दार लावून एकट्याने म्हटली तरी तोंडी अनेकवचनच येतं. मग जे मागितलं अनेकांसाठी, त्याचे आभार एकट्यापुरते कसे मानणार? भाकर माझ्या ताटात आली आणि शेजारच्या ताटात आली नाही, तर माझी मागणी अर्धीच पुरी झाली. अर्ध्या मागणीचे आभार जरूर मानावेत, पण उरलेल्या अर्ध्याची आठवण ठेवून.

आजच्यापुरतं मागण्याची गोष्ट त्याहून जुनी. निर्गमच्या १६व्या अध्यायात इस्राएल लोक रानात असताना मान्ना पडतो, तेव्हा प्रत्येकाने त्या दिवसाला लागेल तेवढाच गोळा करायचा असतो. ज्यांनी उद्यासाठी साठवला, त्यांच्या साठ्यात सकाळी किडे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. किराणा महिन्याचा भरणाऱ्या, फ्रीजमध्ये तीन दिवसांच्या भाज्या ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कथा जुन्या काळची वाटते. पण नाक्यावरच्या दुकानातून रोज पाव किलो तांदूळ, पाच रुपयांची चहा पावडर आणि दहा रुपयांचं तेल नेणाऱ्या बाईला तिचा अर्थ समजवावा लागत नाही. रोजचं रोज मागणं म्हणजे काय, हे तिला कुठल्याही धर्मपंडितापेक्षा जास्त कळतं. प्रार्थनेतला 'आज' तिच्यासाठी अध्यात्म नसून हिशेब असतो.

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा प्रसंग तर सर्वांना माहीत. त्यातल्या दोन गोष्टी मात्र सहज नजरेतून सुटतात. येशू आभार मानतो तेव्हा भाकरी अजून पाचच आहेत आणि समोर पाच हजार पुरुष बसलेले, बायका-मुलं वेगळी. म्हणजे आभार मानले ते उघडउघड अपुऱ्या असलेल्या गोष्टीचे. भरपूर झाल्यावर मग देवाची आठवण, असा क्रम तिथे नाही. दुसरी गोष्ट, सगळे तृप्त झाल्यावर तो शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावतो, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरतात. आत्ताच हजारोंना पुरवून उरवणाऱ्याला तुकड्यांची काय चिंता? पण आभार आणि तुकडे गोळा करणं ही त्याच्या लेखी एकच कृती आहे. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाआधी माइकवरून लांबलचक प्रार्थना करून नंतर अर्ध्या भरलेल्या थाळ्या टबात ओतणाऱ्या आपल्या समाजाने योहानाचा ६वा अध्याय पुन्हा वाचायला हवा. हे मी वरळीच्या, दादरच्या, वसईच्या सगळ्यांनाच म्हणतो आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीला शेजारच्या रिकाम्या ताटावरूनच झापलं आहे. प्रभुभोजनाला जमतात आणि एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र. आभाराची भाकर मोडण्याच्या त्याच जागी. पौल त्यांना ही भाकर मोडताना येशूने आभार मानले तो प्रसंग सांगतो, आणि ती रात्र कोणती तेही सांगतो: त्याला धरून दिलं ती रात्र. पोटभर सुखाच्या वेळी मानलेले ते आभार नव्हतेच.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हा विषय पुस्तकातून आलेला नाही, तो दुष्काळातून आला आहे. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात थोड्या थोड्या अंतराने गेले. शास्त्र्याची पोर, पुराणं सांगत तीर्थं हिंडलेली, आणि अन्नावाचून माणूस कसा जातो ते घरातच पाहिलेली. १८८३मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत, गिरगाव चौपाटीजवळ, विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढे ते पुण्याला गेलं. पण इथे आपल्याला हवी ती गोष्ट केडगावची. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुली घेऊन आल्या. १९००च्या सुमारास गुजरातेतूनही आणल्या. शेकडो पोटं. केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती सदनात मग विहिरी, शेती, दळण, विणकाम, छापखाना, सगळंच उभं करावं लागलं. तिथे देवाचे आभार मानायचे ते ज्वारी दळून, पाणी शेंदून आणि दुसरीला वाढून. स्वतः भूक पाहिलेल्या बाईने उभी केलेली कृतज्ञता अशीच असणार: तिच्यात उपदेश कमी आणि स्वयंपाकघर मोठं.

लक्ष्मीबाई टिळकांचं घराणं वेगळ्या धाटणीचं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये मुंबईतच झाला. लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी, १९००मध्ये, ख्रिस्ती झाल्या, तेही आपल्या मनाने आणि आपल्या वेळेला. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. टिळक देवावर भरवसा ठेवून हातचं देऊन मोकळे होत. उद्या डब्यात काय आहे ते लक्ष्मीबाईंना पाहावं लागे. श्रद्धेचं श्रेय एकाला आणि तिची झळ दुसऱ्याला, असं आपल्याकडच्या कित्येक भक्तांच्या घरी झालं आहे. लक्ष्मीबाईंनी ते रडत न सांगता हसत सांगितलं, म्हणून आपल्याला ते पचतं. घरच्या बाईच्या कष्टांकडे डोळेझाक करून आकाशाकडे पाहत मानलेले आभार मला तरी अर्धेच वाटतात. जेवणाआधीच्या प्रार्थनेत हात जोडलेले असतात तेव्हा भाकऱ्या थापून लाल झालेला हातही त्याच खोलीत असतो. त्याचं नाव प्रार्थनेत घेतलं तर देव रागावेल असं वाटत नाही.

मुंबईच्या मूळ ख्रिस्ती वस्त्यांत, म्हणजे ईस्ट इंडियन गावठाणांत, ही आठवण सणावारांतून जपली गेली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये नेतात, त्यांवर आशीर्वाद मागतात. शहरात भातशेती उरली नाही, तरी कुठून कुठून लोंब्या आणल्या जातात. लग्नाआधीचं 'उंबराचं पाणी' तर मला फार आवडतं: बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवऱ्यामुलाच्या किंवा नवरीच्या अंघोळीसाठी पाणी आणतात. पाण्यासाठी बँड लावणारा समाज पाण्याला गृहीत धरत नसावा. हे केवळ हौसेचे सोहळे होऊ लागले आहेत अशी तक्रार जुनी मंडळी करतात. असतील. पण जिच्यामागे कधीतरी तहान होती ती हौस मला तितकीशी वाईट वाटत नाही.

आणि कोळी? वरळीचा कोळीवाडा बहुतांशी गोलफादेवीला मानणारा, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणारा. उत्तन, मढ, वसईकडचे ख्रिस्ती कोळी होड्यांवर आशीर्वाद मागतात. देवाचं नाव वेगळं, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ही गोष्ट दोघांनाही सारखीच. त्या दोन महिन्यांत उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे डब्यातून निघतात. शुभवर्तमानांतले कितीतरी प्रसंग अशाच माणसांमध्ये घडतात हे आपण विसरतो. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू तलावाच्या काठावर निखाऱ्यांवर मासे भाजून रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. मृत्यूवर विजय मिळवून आल्यावर त्याने प्रवचन केलं नाही, न्याहारी केली. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरावर पहाटे होडी लावणाऱ्याला हा देव लगेच कळेल.

२०२०ची आठवण टाळून पुढे जाता येत नाही. मार्चच्या अखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला; मुंबईत करोनाने इतकी दाट वस्ती घेरल्याची ही अगदी सुरुवातीची घटना. ज्या वस्तीतून लोकांच्या ताटात मासळी जायची, तिथेच दूध आणि भाजी आत कशी आणायची याची चिंता. माणसं पोद्दार रुग्णालयात आणि इतर ठिकाणी विलगीकरणात नेली गेली. पुढे एनएससीआयच्या डोममध्ये खाटा लागल्या. १० एप्रिलला उत्तम शुक्रवार, १२ एप्रिलला ईस्टर, आणि चर्चची दारं बंद. मिस्सा मोबाइलवर दिसत होती, पण ती भाकर मोबाइलमधून जिभेवर येत नाही. तेव्हा पहिल्यांदाच कित्येकांना कळलं की आपण दर रविवारी रांगेत उभं राहून जे घ्यायचो तेही दूध-भाजीसारखं रोजच्या गरजेचंच होतं. साबणाची वडी, मिठाचा पुडा, दारापर्यंत येणारा दूधवाला यांच्याबद्दल त्या दिवसांत जेवढे आभार मानले गेले तेवढे आधी कधी मानले गेले नसतील. दोन वर्षांत सगळं विसरलो. दूधवाल्याशी बिलावरून पूर्ववत भांडू लागलो. यात लाज वाटण्यासारखं फार नाही. विसरणं माणसाचा स्वभावच आहे. लूकच्या १७व्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांपैकीही परत येऊन आभार मानणारा एकच निघाला, आणि तोही परका, शोमरोनी. रोजची प्रार्थना रोज म्हणायला सांगितली ती याच स्वभावासाठी.

एक आक्षेप मात्र नीट ऐकून घ्यायला हवा. वरळी-परळ हा गिरण्यांचा पट्टा. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपाने इथल्या घराघरातली चूल विझवली. 'आहे त्यात समाधान माना, देवाचे आभार माना' हे वाक्य या भागाने मालकांच्या तोंडून, पुढाऱ्यांच्या तोंडून आणि अधूनमधून पुलपिटावरूनही ऐकलेलं आहे. कृतज्ञता म्हणजे तोंड बंद ठेवणं असेल तर ती नको, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण बायबलची कृतज्ञता तशी नाही. स्तोत्रसंहिता उघडून पाहा. आभाराच्या स्तोत्रांपेक्षा गाऱ्हाण्यांची स्तोत्रं जास्त आहेत, आणि एकाच स्तोत्रात देवाशी भांडण आणि देवाची स्तुती शेजारी शेजारी राहतात. नळाला पाणी आलं की देवाचे आभार मानावेत आणि न आलं की वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा. दोन्ही एकाच दिवशी करता येतं. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याने दिवसाच्या शेवटी स्वतःची झडती घ्यायची जी पद्धत घालून दिली, तिची पहिली पायरी आभार आहे आणि दोष शोधणं नंतरचं. आधी काय मिळालं ते पाहायचं, मग काय बिघडलं ते.

आता पुस्तिकेबद्दल थोडं. टिपणं छोटी आहेत ते बरं आहे. जेवणाआधी एक वाचून होतं आणि वरण थंड होत नाही. मिठावरचं टिपण मला सर्वांत आवडलं. झोपेवरचं थोडं गोड झालं आहे. रात्रपाळी करणाऱ्याने ते लिहायला हवं होतं. अंथरुणाच्या प्रार्थनेत अंथरूण ज्यांच्याकडे नाही त्यांचा उल्लेख आहे, पण तो पुन्हा त्या परूश्याच्या वळणावर जातो. तो दुरुस्त करावा असं मी संपादकांना कळवलं आहे.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेत नाही, आणि तिची उणीव मला जाणवली. संडास. ज्यूंच्या परंपरेत शौचाहून आल्यावर शरीर नीट चालल्याबद्दल देवाचे आभार मानायची प्रार्थना आहे. ती म्हणायला त्यांना संकोच वाटत नाही. वरळीच्या चाळीत पहाटे डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला, अंधारात एकटीने जायला घाबरणाऱ्या मुलीला, गुडघे दुखणाऱ्या आजीला या विषयाचं मोल सांगायची गरज नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळी बीडीडीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. ५०० चौरस फुटांचं घर, आणि संडास घरात. पुढच्या आवृत्तीत त्यावरचं टिपण आणि प्रार्थना घालावी, आणि ती लिहायला शंभर वर्षांच्या त्या चाळीतून नव्या घरात गेलेल्या एखाद्या बाईला सांगावं, अशी संपादकांना माझी विनंती आहे. पाळक किंवा फादरांनी ती लिहू नये.